खाटेवरून उठण्याची मोहीम : खुबा बदलण्याच्या शस्त्रक्रियेचा इतिहास

 

या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढायांबद्दल बोलतो. आजची मोहीम जरा निराळी आहे. तिचा मुलूख म्हणजे आपल्या कमरेखालचा एक उखळी सांधा, खुबा. विषय निवडायचं कारण सरळ आहे. दीड वर्षापूर्वी माझा डावा खुबा बदलला. तेव्हापासून ओळखीतले, नात्यातले लोक फोन करून विचारतात, "साहेब, ऑपरेशनला फार दुखतं का हो?" मी त्यांना सांगतो, ऑपरेशन दोनएक तासांचं असतं आणि तेवढा वेळ तुम्हाला भूल दिलेली असते. त्याच्या आधीचे दोन महिने आणि नंतरचे तीन महिने तुमच्या हातात असतात. विचारायचं असेल तर त्यांच्याबद्दल विचारा. हे मी अनुभवावरून सांगतोच, पण या शस्त्रक्रियेचा इतिहासही हेच सांगतो.

सुरुवात घरापासून करतो. 1974 साली माझी आत्या न्हाणीघरात घसरली. आम्ही तेव्हा साताऱ्याला होतो आणि मी शाळेत होतो. मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं होतं. पायाला वजन बांधून तिला खाटेवर निजवलं. "हाड जुळेपर्यंत हलायचं नाही," असं सांगितलं गेलं. हाड जुळलं नाही. महिन्याभरात पाठीला जखमा झाल्या, मग छातीत कफ साठला आणि चौथ्या महिन्यात ती गेली. घरात सगळे म्हणाले, वय झालं होतं. ती बासष्ट वर्षांची होती. आज मी तिच्याहून मोठा आहे आणि रोज सकाळी कृष्णराव पार्कला फेऱ्या मारतो. या दोन गोष्टींच्या मध्ये काय काय घडलं, ते आज पाहू.

आत्याला निजवून ठेवणाऱ्यांना दोष देता येत नाही. हजारो वर्षं हाच उपाय होता. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडांच्या उपचारांत 'कपाटशयन' सांगितलं आहे. रोग्याला फळीवर निजवायचं आणि तो हलू नये म्हणून पाच ठिकाणी खुंट्या ठोकायच्या. पिंढरीच्या किंवा मांडीच्या हाडाला हा उपाय लागू पडतो. पण खुब्याच्या गोळ्याखालची मान मोडली, की गोळ्याचा रक्तपुरवठाच तुटतो. मग कितीही निजवा, हाड सांधत नाही. आणि म्हातारा माणूस निजून राहिला की त्याची फुप्फुसं, कातडी, स्नायू एकेक करून हार मानतात.

म्हणून सांधाच नवा करावा, हा विचार पुढे आला. 1890 च्या सुमारास बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लेस ग्लुक या शल्यविशारदाने हस्तिदंताचे सांधे बसवून पाहिले. कल्पना बरोबर होती, पण जंतुसंसर्गाने घात केला. 1923 साली बोस्टनच्या स्मिथ-पीटरसन यांनी खुब्याच्या गोळ्यावर काचेची टोपी चढवली. ती फुटली. मग त्यांनी धातूची टोपी वापरली. 1940 साली अमेरिकेत ऑस्टिन मूर यांनी मांडीच्या हाडाचं वरचं टोकच धातूचं बसवलं. पुढे त्यांच्या नावाचा धातूचा गोळा आपल्याकडे जिल्ह्याच्या गावापर्यंत पोहोचला. 'म्हातारीला मूर बसवला' हे वाक्य जुन्या डॉक्टरांच्या तोंडी सहज असे. आपल्या मुंबईच्या डॉ. तळवलकरांच्या नावाचा दुहेरी गोळ्याचा सांधाही भारतभर वापरला गेला. पण या उपायांत फक्त गोळा बदलत असे. ज्याची उखळही झिजली आहे, त्याचं दुखणं तसंच राही.

ते कोडं सोडवलं जॉन चार्नली यांनी. हा गृहस्थ दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यातला डॉक्टर. डंकर्कच्या माघारीत होता, नंतर कैरोला होता. फौजी माणसाला वर्कशॉपचं महत्त्व कळतं. चार्नलींनी इंग्लंडमध्ये रायटिंग्टनच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात आपलं केंद्र उभारलं आणि हॅरी क्रेव्हन नावाचा तरुण तंत्रज्ञ हाताशी घेतला. त्यांनी गोळा धातूचा आणि उखळ प्लास्टिकची केली. दोन्ही भाग हाडात पक्के करायला दंतवैद्यांकडून ओळखीचं झालेलं ॲक्रिलिक सिमेंट घेतलं.

पहिली उखळ टेफ्लॉनची होती. सुमारे तीनशे रोग्यांना ती बसवली. लोक वेदनेशिवाय चालू लागले, सगळीकडे कौतुक झालं. दोन-तीन वर्षांत मात्र टेफ्लॉन झिजलं आणि त्याच्या भुकटीने भोवतालचं मांस व हाड खराब होऊ लागलं. चार्नलींनी स्वतःच्या मांडीत टेफ्लॉन घालून घेतलं आणि त्याची प्रतिक्रिया तपासली. मग एकेका रोग्याला परत बोलावून ते सांधे काढले. आपली चूक उघडपणे कबूल करून ती आपल्याच हातांनी निस्तरणारा अधिकारी मला सैन्यातही क्वचित दिसला.

1962 साली एक विक्रेता क्रेव्हनकडे नव्या प्लास्टिकचा नमुना घेऊन आला. कापड गिरणीच्या मागांमधल्या दातेरी चाकांसाठी वापरलं जाणारं ते पॉलिथिलीन होतं. चार्नलींनी नखाने खरवडून ते नापसंत केलं. क्रेव्हनने मात्र साहेब परगावी असताना ते झिजेच्या यंत्रावर चढवलं. आठवडे गेले तरी ते जेमतेम झिजलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्या प्लास्टिकची उखळ पहिल्यांदा माणसात बसली. आज जगभर बसणारे बहुतेक खुबे त्याच घराण्यातले आहेत. मुंबईत डॉ. के. टी. ढोलकिया यांच्यासारख्यांनी ही विद्या भारतात रुजवली. म्हणजे आत्या खाटेवर होती, तेव्हा उपाय जगात आलेला होता. आमच्या गल्लीपर्यंत आला नव्हता, एवढंच.

चार्नलींचं दुसरं मोठं काम लोकांना कमी माहीत आहे, आणि ते बसवनगुडीच्या माणसाला लगेच पटतं. 1898 च्या प्लेगने जुनं बंगळुरू हादरलं. त्यानंतर आमच्या बसवनगुडीसारख्या वसाहती वाढल्या, रुंद रस्ते आणि मोकळी हवा ठेवून. रोगराईच्या भीतीने जशी ही वसाहत वाढली, तसंच चार्नलींनी शस्त्रक्रियागृह बदललं. सुरुवातीला त्यांच्या शंभरातल्या सातेक रोग्यांचा सांधा सडत असे. त्यांनी गाळलेल्या हवेची बंदिस्त खोली केली, अंगभर झगे आणले, आणि दहा वर्षांत ते प्रमाण शंभरात एकाच्या खाली आणलं.

इथूनच आपल्या तयारीची पहिली ओळ निघते. शस्त्रक्रियागृह डॉक्टर स्वच्छ ठेवतील, पण शरीर आपण स्वच्छ न्यायचं असतं. किडलेला दात, लघवीतला संसर्ग, पायाच्या बोटांतली चिखली, अंगावरचं गळू हे सगळं आधी बरं करून घ्या. साखर आटोक्यात आणा, हिमोग्लोबिन तपासा, विडी-सिगारेट सोडा. रक्त पातळ करणारी गोळी कधी थांबवायची, हे डॉक्टरांना विचारा. स्वतःच्या मनाने थांबवू नका.

दुसरी ओळ पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरमधून. 1944 पासून सैन्याचं हे केंद्र जवानांना कृत्रिम पाय बसवतं. नोकरीत असताना मी तिथे माझ्या तुकडीतल्या जवानांना भेटायला जात असे. पाय बसवायला फार वेळ लागत नाही, पण दोन दांड्यांच्या मध्ये उभं राहून चालायला शिकण्यात आठवडे जातात. तिथे माझ्या लक्षात आलं, की पाय डॉक्टर देतात, चाल आपल्याला कमवावी लागते. म्हणून ऑपरेशनच्या आधीच मांडीचे आणि दंडाचे स्नायू बळकट करा. वॉकर आधीच आणा आणि घरात सराव करा. मी महिनाभर रोज खुर्चीवरून हातांच्या जोरावर वीस वेळा उठत होतो. सौ. म्हणायची, "अजून ऑपरेशन व्हायचंय, आत्तापासून कसली परेड?" नंतर तीच इतरांना सांगू लागली.

तिसरी गोष्ट घराची टेहळणी. गालिचे, पायपुसणी, सुटी वायर उचला. न्हाणीघरात धरायला दांडा ठोका, खाली रबरी चटई घाला. कमोड उंच करून घ्या. हात असलेली, बसायला उंच आणि घट्ट खुर्ची ठरवा. रात्री दिवा लागता ठेवा.

आता नंतरचं. 1960 च्या दशकात ऑपरेशननंतरही रोगी बरेच दिवस अंथरुणात असत. आज बहुतेकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभं करतात. मला दुसऱ्या दिवशी सकाळी फिजिओथेरपीच्या मुलीने उठवलं तेव्हा, खरं सांगतो, पाय लटपटले. आत्याची खाट डोळ्यांपुढे आली. ती मुलगी म्हणाली, "अंकल, सांधा पक्का आहे, भीती कच्ची आहे." मी दहा पावलं टाकली.

उठायची घाई एवढ्यासाठी असते, की निजून राहिलं तर पायाच्या शिरांत रक्त गोठतं आणि ती गाठ फुप्फुसात गेली तर जीव जातो. म्हणून पडल्या पडल्यासुद्धा घोटे वरखाली करत राहायचं. पोटरी सुजून दुखली, दम लागला, ताप आला किंवा जखमेतून पाझर सुरू झाला, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टर गाठा. काठी चांगल्या बाजूच्या हातात धरायची. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी.

आपल्या लोकांचा खरा पेच बसण्याचा. चार्नलींचा गोळा होता फक्त 22 मिलिमीटरचा, कारण लहान गोळ्याला घर्षण कमी. पण लहान गोळा उखळीतून निसटतोही लवकर. आता गोळे मोठे झाले, तरी सुरुवातीचे काही आठवडे पाटावर बसणं, मांडी घालणं, पायावर पाय टाकणं, वाकून चप्पल उचलणं बहुतेकांना मना असतं. शस्त्रक्रिया कोणत्या बाजूने केली, त्यावर हे नियम बदलतात, म्हणून शेजाऱ्याचे नियम आपल्याला लावू नका. आमच्या घरी गौरी-गणपतीला मी पंगतीत खुर्चीवर बसलो. थोडा संकोच वाटला. मग पाहिलं, तर आणखी चार जणांनी हळूच खुर्च्या ओढल्या.

शेवटची शिकवण नोंदीची. चार्नली रोग्यांना विनंती करत, की मृत्यूनंतर आपला सांधा तपासणीसाठी परत मिळावा, आणि अनेकांनी ती मान्य केली. स्वीडनने 1979 पासून देशातल्या बदललेल्या खुब्यांची नोंदवही ठेवली. 2010 मध्ये धातूवर धातू घासणारा एक सांधा जगभरातून परत मागवावा लागला, तेव्हा ज्यांच्याकडे कागद होते त्यांना आपल्या शरीरात काय आहे ते लगेच कळलं. तुमच्या सांध्याचं नाव, क्रमांक, कंपनी लिहिलेला स्टिकर मिळतो. तो फाईलमध्ये चिकटवा आणि मुलांना दाखवून ठेवा.

2000 साली पंतप्रधान वाजपेयींचा गुडघा मुंबईत डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलला, तेव्हा घरोघरी सांधेरोपण हा शब्द पोहोचला. इंग्लंडच्या राजमाता एलिझाबेथ यांचा एक खुबा वयाच्या पंच्याण्णवाव्या वर्षी बदलला, आणि पुढे त्या 101 वर्षांपर्यंत जगल्या. तेव्हा 'आता या वयात कशाला' हे वाक्य उच्चारण्याआधी जरा थांबा. घरातलं कोणी पडलं आणि पाय आखूड होऊन बाहेर वळलेला दिसला, तर तेल चोळत बसू नका. त्याच दिवशी अस्थितज्ज्ञाकडे न्या. खुब्याच्या मोडीत जितका उशीर, तितकी खाट जवळ येते.

गेल्या कार्तिकात शेवटच्या सोमवारी इथे बुल टेंपल रोडला शेंगांची जत्रा भरली, कडलेकाई परिषे. त्या गर्दीतून मी काठीशिवाय नंदीच्या देवळापर्यंत चढून गेलो. वर पोहोचल्यावर आत्याची आठवण झाली. तिच्यासाठी शेंगांचा एक पुडा जास्त घेतला आणि खाली येऊन पार्कातल्या मुलांना वाटला.

तयारी करा, उठा, चाला. पुढच्या भागात भेटू. जय हिंद.