मुका माज

कोल्हापुरात माज दोन तऱ्हेचा. (माणसांचा तिसरा, तो सोडून देऊ.) नराचा माज बघायचा तो साठमारीत. १८९४ साली गादीवर बसलेल्या शाहू महाराजांना या खेळाचा भारी षौक. मस्तीत आलेला हत्ती मैदानात सोडायचा, साठमारानं त्याला डिवचायचं, आणि तो अंगावर आला की अरुंद आडोशात सटकायचं. पाय घसरला तर थेट घरी निरोप! हत्तीण या खेळाला निरुपयोगी, कारण मस्ती नराची. डोळा-कानाच्या मधून मद पाझरू लागला की रोजच्या माहुतालाही तो ओळख देत नाही, आणि हे चालतं आठवडेच्या आठवडे.

उलट आमच्या गवळ्याची म्हैस. तिचा माज एकवीसेक दिवसांनी येणार, जेमतेम दिवसभर टिकणार, आणि पुष्कळदा मुका. ना हंबरणं, ना धुसफूस. हुकला की आणखी तीन आठवडे भाकड जनावराला वैरण घाला! साठमारीला गाव लोटायचं. इथं गवळी एकटाच पहाटे बॅटरी घेऊन गोठ्यात उभा, शेपटीकडे बघत. दिवाळीच्या पाडव्याला हीच म्हैस शिंगं रंगवून, मालकाच्या हाकेसरशी त्याच्या मोटारसायकलमागं गर्दीतून धावत सुटते.