‘क्रॉसओव्हर’ची कुळकथा

मुलांनी घरात गोंगाट मांडला म्हणजे वडिलांनी त्यांना शिव्यांची लाखोली वाहावी, यात नवल नाही. परंतु ती शिवीच बिरुदाप्रमाणे मिरवावी, हे सुचले अमेरिकेतील ह्यूस्टनच्या ब्रेख्ट बंधूंना. १९८२ साली कर्ट व एरिक हे भाऊ गिटारवादक स्पाइक कॅसिडी आदी मित्रांसह घरी तालीम करीत, तेव्हा संतापलेले वडील ‘डर्टी रॉटन इम्बेसिल्स’, म्हणजे घाणेरडे, कुजके मूर्ख, असे ओरडत. तेच त्यांच्या वाद्यवृंदाचे नाव झाले. लोक त्याला डी. आर. आय. म्हणू लागले.

हार्डकोअर हा पंक संगीताचा अधिक द्रुत व अधिक कर्कश अवतार. मोजके स्वरमेळ, आरोळीवजा गायन, वादनकौशल्याच्या प्रदर्शनाचा तिटकारा आणि मोठ्या कंपन्यांची दारे न ठोठावता स्वतःच तबकडी काढण्याचा बाणा, ही त्याची लक्षणे. डी. आर. आय.च्या १९८३ मधील पहिल्या छोट्या तबकडीवर २२ गीते होती आणि ती सारी वीस मिनिटांच्या आत आटोपत! घोषणा द्यावी आणि निघून जावे, असा तो प्रकार.

त्याच वर्षी मंडळी सॅन फ्रान्सिस्कोला गेली. मोटारगाडीत झोपावे, अन्नछत्रात जेवावे, अशी त्यांची दैना होती. परंतु त्याच परिसरात तेव्हा मेटॅलिका, एक्झोडस आदींचे थ्रॅश मेटल बाळसे धरीत होते. थ्रॅशने पंकची गती उचलली होतीच. शिवाय तळव्याने तारा दाबून वाजविलेले तुटक, जड स्वरखंड, लयीचे अवचित पालट आणि गिटारचे स्वतंत्र वादन यांची तिला जोड दिली होती. १९८५ च्या ‘डीलिंग विथ इट’ या तबकडीत या सहवासाची चाहूल लागते. १९८७ च्या ‘क्रॉसओव्हर’मध्ये तर चित्रच पालटले. गीते अवघी १२, आणि त्यांतील कित्येक तीन-चार मिनिटांची.

पंकचे अभिमानी खवळले. त्यांच्या लेखी लांब केसांचे मेटलवाले म्हणजे दिखाऊ आणि बाजारू. तेव्हा हा सरळसरळ द्रोह ठरला. मला हा आरोप सर्वस्वी पोकळ वाटत नाही. मिनिटभराच्या गीतातला निकराचा आवेश चार मिनिटांच्या रचनेत काहीसा पातळ होतोच. तथापि पाच वर्षे वाजवून हात तयार झालेल्याने जन्मभर नवशिक्याचेच सोंग आणावे, ही अपेक्षा कुठली न्याय्य? मुंडण केलेले आणि केस वाढविलेले तरुण एकाच सभागृहात जमू लागले. कधी हाणामाऱ्याही झाल्या, पण जमत राहिले.

त्या तबकडीचे नाव पुढे या संगीतप्रकारालाच चिकटले. सुइसायडल टेंडन्सीज, करोजन ऑफ कन्फॉर्मिटी हे वाद्यवृंदही याच वाटेने गेले होते. १९९६ साली स्लेयर या नामांकित मेटल वाद्यवृंदाने मुख्यतः जुन्या पंक गीतांची एक तबकडी काढली. तीत डी. आर. आय.चे एक गीत आहे. पण ते ‘क्रॉसओव्हर’मधले नव्हे, १९८४ मधले.