पसाऱ्याची बाजू

झेरॉक्स कंपनीने एप्रिल १९८१मध्ये ‘स्टार’ हा कॉम्प्युटर बाजारात आणला, आणि विकत मिळणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर पहिल्यांदा कचेरीतलं टेबल अवतरलं. कागद, फोल्डर, टपालाचे ट्रे, प्रिंटर अशी छोटी चित्रं त्यावर होती आणि ती हवी तिथे हलवता येत. विंडोंच्या बाबतीत मात्र ही मोकळीक नव्हती. आधीच्या नमुन्यांवर लोक विंडो एकमेकींवर चढू नयेत म्हणून त्या सरकवण्यातच वेळ घालवतात, असं अभियंत्यांना दिसलं होतं. तेव्हा मांडणीचं काम त्यांनी यंत्राकडेच सोपवलं: विंडो फरशांसारख्या शेजारी शेजारी लागायच्या. हेतू चांगलाच होता. तरीही स्टारच्या पुढच्या ‘व्ह्यूपॉइंट’ या आवृत्तीत विंडोवर विंडो ठेवायची मुभा द्यावी लागली. नोव्हेंबर १९८५मध्ये आलेलं विंडोज १.०सुद्धा विंडो शेजारी शेजारीच लावायचं, आणि १९८७च्या विंडोज २.०मध्ये तो नियम गेला. एकाच दशकात दोन मोठ्या कंपन्यांना एकाच जागी माघार घ्यावी लागली, याला माझ्या मते एकच कारण आहे. पडद्यावर कोणती वस्तू कुठे ठेवली, यात माणसाची आठवण साठलेली असते. मांडणी यंत्राने केली की ती आठवण मोडते.

याचा सर्वांत चांगला पुरावा कागदी टेबलांवरून मिळतो. थॉमस मेलोन यांनी कचेऱ्यांत काम करणाऱ्या दहा जणांना गाठून त्यांची टेबलं कशी लावलेली आहेत, हे त्यांच्याकडूनच समजून घेतलं, आणि १९८३मध्ये त्यावर निबंध लिहिला. नाव घालून क्रमाने लावलेल्या फायली आणि नुसते रचलेले गठ्ठे, असे दोन प्रकार त्यांना दिसले. गठ्ठे आळसापोटीच होतात असं नाही. कागद कोणत्या विषयाखाली घालावा हे ठरवणं मुळातच अवघड असतं. आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं कारण म्हणजे गठ्ठा आठवण करून देतो. उत्तर द्यायचं राहिलेलं पत्र कपाटातल्या योग्य फायलीत गेलं, तर शोधल्यावर ते सापडेलच. पण ते शोधायला हवं, हे कोण सुचवणार? तेच टेबलाच्या कडेला राहिलं तर रोज नजरेला पडतं, आणि उत्तर जातं. डेबोरा बॅरो आणि बॉनी नार्डी यांनी १९९५मध्ये कॉम्प्युटर वापरणाऱ्यांबद्दल हेच नोंदवलं. दोघींनी वेगवेगळी माणसं आणि वेगवेगळी यंत्रं पाहिली होती, तरी निष्कर्ष जुळले: लोक फाइल आधी जागेवरून हुडकतात, आणि चालू कामाची फाइल डोळ्यांसमोर राहावी म्हणून डेस्कटॉपवर ठेवतात.

यावर वजनदार आक्षेप आहेत. १९८६च्या एका प्रयोगात, फारशी हलवाहलव नसलेली कामं शेजारी शेजारी लावलेल्या विंडोंमध्ये लवकर उरकली. हे मान्यच करायला हवं. पण हलवाहलव जास्त असलेल्या कामांत एकमेकींवर ठेवलेल्या विंडो सरावलेल्या काही जणांना सोयीच्या ठरल्या, आणि कचेरीतलं बरंचसं काम या दुसऱ्या जातीचं असतं. डेव्हिड गेलर्न्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा आक्षेप अधिक खोल होता. शोधायची साधनं वाईट आहेत म्हणून लोक जागेला धरून बसतात, साधनं सुधारली की सवय सुटेल, असं त्यांचं म्हणणं. त्या काळी ते खोडून काढता येणं शक्यच नव्हतं. पुढे २००५मध्ये मॅकवर ‘स्पॉटलाइट’ आलं, अक्षरं टाइप होताहोताच फायली समोर येऊ लागल्या, आणि कसोटीची वेळ आली. ओफेर बर्गमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात साधन सुधारूनही लोक फोल्डरमधूनच फायलीपर्यंत जाताना आढळले. शोध घ्यायचा तो मुख्यतः जागा आठवेनाशी झाल्यावर.

जागेच्या आठवणीलाही मर्यादा आहे, हे खरं. आयकॉनवर आयकॉन चढू लागले की एकही नजरेत भरत नाही. झेरॉक्समधल्याच ऑस्टिन हेंडरसन आणि स्टुअर्ट कार्ड यांनी १९८६मध्ये ‘रूम्स’ ही व्यवस्था मांडली, ती मला या अडचणीवरचं सर्वांत समंजस उत्तर वाटते. प्रत्येक कामाला स्वतःचा पडदा द्यायचा, आणि त्या कामाच्या विंडो जिथे ठेवल्या होत्या तिथेच परत मिळायच्या. मांडणी वापरणाऱ्याचीच, फक्त जागा वाढवलेली. याउलट मॅकने २०१८मध्ये दिलेली ‘स्टॅक्स’ची सोय चालू केली, की मूळ सेटिंगनुसार डेस्कटॉपवरच्या फायली प्रकारानुसार गोळा होतात. एकाच कामासाठी शेजारी ठेवलेलं पत्र, फोटो आणि हिशेबाचा तक्ता तीन वेगळ्या गठ्ठ्यांत जातात, आणि ती तिन्ही एका कामाची होती हे पडद्यावर कुठेच उरत नाही.