रीमिक्स, विडंबन आणि प्रताधिकार (राजवाडा, इंदूर)

इंदूरच्या जुन्या शहरातला होळकरांचा सात मजली राजवाडा आणि त्यापुढचा चौक हे रील व विडंबनफिती काढणाऱ्यांचे हक्काचे ठिकाण. क्रिकेटमधला विजय असो की रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक), गर्दी इथेच लोटते. डीजेवर जुन्या गाण्यांची रीमिक्स रूपे वाजतात आणि मोबाइलमधून पुढे जातात. अठराव्या शतकातल्या या वास्तूच्या रूपावर कोणाचाही प्रताधिकार नाही. सार्वजनिक जागी कायम असलेली कलाकृती चित्रफितीत घेण्यास १९५७च्या प्रताधिकार कायद्याची तशीही हरकत नाही. घोडे अडते ते आवाजापाशी.

एका गाण्यात अनेकांचे हक्क असतात आणि ते एकाच दिवशी संपत नाहीत. ‘मुघल-ए-आझम’ (१९६०) मधील गाण्यांच्या ध्वनिमुद्रणाचे ६० वर्षांचे संरक्षण २०२०च्या अखेरीस संपले. गीतकार शकील बदायुनी १९७० मध्ये गेले, म्हणून शब्द २०३० अखेरपर्यंत संरक्षित. संगीतकार नौशाद २००६ मध्ये गेले, म्हणून चाल २०६६ पर्यंत. जुनी तबकडी मोकळी झाली, तरी तिच्यातले गाणे मोकळे झालेले नाही.

कॅसेटच्या जमान्यात दुसऱ्या गायकांकडून तीच गाणी गाऊन घेण्याचा धंदा फोफावला, कारण मूळ ध्वनिमुद्रणानंतर दोन वर्षांनी, सूचना व मानधन देऊन, कायदाच तशी मुभा देत होता. २०१२च्या दुरुस्तीने ही मुदत पाच वर्षांची केली, किमान ५०,००० प्रतींचे मानधन आगाऊ भरण्याची अट घातली आणि तांत्रिकदृष्ट्या आवश्यक नसलेल्या बदलांना मनाई केली. मूळ ध्वनिमुद्रणाचा तुकडा घेऊन त्यावर ठेका चढवणारे रीमिक्स या मुभेत बसत नाही. त्याला मालकांची परवानगीच लागते.

रीमिक्सला ठाम विरोध करणाऱ्या लता मंगेशकर (१९२९–२०२२) जन्माने इंदूरच्याच. १९७२च्या ‘समाधि’मधील त्यांच्या ‘कांटा लगा’चे रीमिक्स २००२ मध्ये देशभर गाजले. जुन्या गाण्यांच्या मोडतोडीविरुद्ध त्यांनी २०१८ मध्ये जाहीर निवेदन काढले. गायकांनाही रॉयल्टी मिळावी, हा आग्रह त्यांनी १९६०च्या दशकातच धरला होता आणि त्यावरून मोहम्मद रफींशी त्यांचे बिनसलेही. कायद्यात कलावंतांचे हक्क आले ते १९९४ मध्ये.

विडंबनाला मराठीत जुनी प्रतिष्ठा आहे. आचार्य अत्र्यांची ‘झेंडूची फुले’ १९२५ची. भारतीय कायदा मात्र विडंबनाचे नावही घेत नाही. टीका किंवा समीक्षा यांसाठीच्या न्याय्य वापरातून वाट काढावी लागते. केरळ उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये तोप्पिल भासी यांच्या नाटकाला उत्तर देणारे प्रतिनाटक याच आधारे मान्य केले. मूळ कृतीवर टीका करणाऱ्याला त्यामुळे काहीसा आधार मिळतो. प्रसिद्ध चालीवर नगरपालिकेची किंवा खड्ड्यांची टर उडवणाऱ्याची बाजू लंगडी, आणि अशा फितीच अधिक असतात.

धार्मिक समारंभात व लग्नाच्या वरातीत गाणी वाजवण्यास कायद्यात सूट आहे. वर्गणीची गेर धार्मिक समारंभ की करमणूक, हे वकिलांना वाद घालायला उत्तम. तिची फीत इंटरनेटवर चढली की मात्र ही सूट फारशी कामाची राहत नाही. तिथे स्वयंचलित यंत्रणा ध्वनी जुळवून पाहते. थट्टा तिला कळत नाही. हक्कधारकाची लेखी तक्रार आल्यास मध्यस्थ संकेतस्थळाने २१ दिवस मजकूर रोखायचा आणि तोवर न्यायालयाचा आदेश आला नाही तर तो पुन्हा खुला करता येतो, अशी तरतूद कायद्यात आहे. रंगपंचमीच्या विनोदाला २१ दिवस फार होतात.