तळटीप ७ : चौकची धारावी

७. ‘धारावी’ : मुंबईतली, माहीमच्या खाडीलगतची वस्ती नव्हे. येथे भाईंदरच्या पश्चिमेकडील जुने धारावी बेट अभिप्रेत आहे. उत्तन, पाली, चौक, डोंगरी, तारोडी ही त्यावरची गावे. चौकच्या टेकडीवरील ‘जंजिरे धारावी’ हा किल्ला वसईच्या खाडीच्या मुखाशी आहे. पलीकडच्या काठावर वसईचा किल्ला दिसतो. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतल्यावर ही खाडी मराठे आणि पोर्तुगीज यांच्यातील सरहद्दच बनली. वसईला समुद्रमार्गे येणारी रसद येथून अडवता येई, म्हणून धारावीसाठी झुंज झाली. मार्च १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने ती जिंकली. त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली. लगतचे साष्टी बेट पुढे १७७४ मध्ये इंग्रजांकडे गेले. परिच्छेदात पुढे आलेल्या ‘वलांडी’ म्हणजे बोंबील वाळत घालण्यासाठी किनाऱ्यावर उभारलेल्या बांबूच्या मांडण्या. ओल्या बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोड्या त्यांवर टांगतात. येथील कोळी बहुतांशी ख्रिस्ती असून घरी मराठीचीच बोली बोलतात. ही गावे आता मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या (स्थापना २००२) हद्दीत आहेत.