बाटलीवरची अक्षरे

बेरीबेरी, स्कर्व्ही यांसारख्या रोगांचे मूळ अन्नातील उणिवेत आहे, हा शोध खरोखर मोठा. १९१२ साली कॅसिमिर फंक याने त्या उणीव असलेल्या घटकांस ‘व्हिटॅमिन’ हे नाव दिले. आपण त्यांस जीवनसत्त्वे म्हणतो. परंतु उणीव भरून निघते म्हणून पोटभर जेवणाऱ्यानेही रोज गोळी घ्यावी, हे त्यातून सिद्ध होत नाही. व्यापाराने नेमकी हीच उडी घेतली.

अमेरिकेचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. तेथे १९०६ साली खोट्या लेबलांविरुद्ध कायदा झाला. पण १९११ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, त्याचा रोख घटकांविषयीच्या खोटेपणावर आहे, गुणांच्या बढाईवर नव्हे. १९१२ च्या दुरुस्तीने बढाईही कक्षेत आली, पण फसविण्याचा हेतू शाबीत करण्याचे ओझे सरकारवर पडले. १९९४ च्या कायद्यान्वये या गोळ्या ‘रोग बरा करतात’ असे म्हणता येत नाही. ‘हाडांना बळ देतात’ असे म्हणता येते. मात्र ‘अन्न व औषध प्रशासनाने हे विधान तपासलेले नाही’, अशी टीप छापावी लागते.

त्याच १९९४ साली फिनलंडमधील २९,१३३ धूम्रपानी पुरुषांवरील चाचणीचा निष्कर्ष आला : बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी वाढला होता.

ज्यास खरी उणीव आहे, त्याने वैद्याच्या सल्ल्याने गोळी जरूर घ्यावी. इतरांस आम्ही एवढेच सुचवू : मोठी अक्षरे विक्रेत्याची असतात, बारीक अक्षरे कायद्याची. आधी बारीक वाचावीत.