फिलिप्स एक्सटर अकॅडमी

अमेरिकेतील न्यू हॅम्पशर राज्यातील एक्सटर येथील खासगी निवासी शाळा. स्थापना 1781. व्यापारी जॉन फिलिप्स आणि त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनी ती काढली. तीन वर्षे आधी जॉन यांच्या पुतण्याने अँडोव्हर येथे अशीच शाळा काढली होती. दोन्ही शाळांमधील अमेरिकन फुटबॉलची चुरस 1878 पासून चालू आहे. येथे नववी ते बारावीचे विद्यार्थी महाविद्यालयाची तयारी करतात.

शाळेची खरी ओळख म्हणजे तिचे टेबल. 1930 मध्ये दानशूर एडवर्ड हार्कनेस यांच्या 58 लाख डॉलरच्या देणगीतून वर्गांतली बाके गेली आणि लंबगोल टेबले आली. प्रत्येक टेबलाभोवती साधारण बारा मुले व शिक्षक एकाच पातळीवर बसतात. हात वर करून परवानगी मागायची नाही, एकमेकांशीच वाद घालायचा. शिक्षक बहुतेक वेळ ऐकतो. साहजिकच न वाचता आलेला विद्यार्थी पाच मिनिटांत उघडा पडतो. परीक्षेच्या वेळी टेबलाखालून फळ्या ओढून त्यांवर पेपर लिहितात.

मुलींना प्रवेश मात्र 1970 मध्ये, म्हणजे फारच उशिरा मिळाला. डॅनियल वेबस्टर, गोर व्हिडाल, जॉन अर्व्हिंग व मार्क झुकरबर्ग हे येथील माजी विद्यार्थी. 1971 मध्ये उघडलेले ग्रंथालय वास्तुविशारद लुई कान यांनी रचले. खिडकीलगतच्या लाकडी अभ्यासिकांना सरकत्या झडपा आहेत. अहमदाबादच्या आय.आय.एम.च्या इमारतीही कान यांच्याच.